पाळीव प्राण्यांचा तक्ता

तक्ता लावायला चार खिळे लागतात,
आमच्या बालवाडीत तीनच आहेत.
त्यामुळे डुकराचा कोपरा कायम लोंबतो
आणि मी तो पट्टीनं दाबून धरून शिकवते :
गाय दूध देते.
कोंबडी अंडी देते.
मेंढी लोकर देते.
(कन्नमवार नगरात मेंढी कुणी पाहिलेली नाही,
लोकरही फारशी नाही.)
मग येते बकरी.

बकरी दूध देते, म्हणते मी,
आणि घाईनं पट्टी घोड्याकडे नेते.

"बाई, बकरी मटण देते."

शर्विल कोथमिरे. मागची सतरंजी, नाक वाहतंय.
बापाचं दुकान नाक्यावर.
दर रविवारी मीही असते तिथल्या रांगेत
पिशवीत स्टीलचा डबा घेऊन :
चाप थोडा, सीना थोडा,
आणि एक नळी लेकासाठी.

"देत नाही काही. तिला मारतात."
ही ज्ञानदा म्हस्के. घरी सगळे माळकरी.

"मारत नाहीत," शर्विल म्हणाला, "कापतात."
शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावी
इतक्या शांतपणे.

सव्वीस डोकी माझ्याकडे वळली.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
'प्राणी आपले मित्र' या विषयाला दोन तासिका होत्या.
दुसरी संपली तेव्हा जेवायला अंडाकरी होती.
यापलीकडे मला काही आठवेना.

आठवला तो सुभेदार.
पार्कसाइटच्या आमच्या चाळीत
पाण्याच्या पिंपाला सुतळीनं बांधलेला कोंबडा.
माझ्या तळहातावरची भाकरी टिपायचा,
टोचायचा नाही.
गटारीच्या दुसऱ्या दिवशी सुतळी नुसतीच होती.

आई म्हणाली, गावी गेला.

आमच्याकडे दिसेनासं झालेलं सगळं गावीच जायचं :
नोकरी सुटलेले सावंतकाका,
बाळंतपणाला मालूताई,
आजोबासुद्धा,
ज्यांना मी चौघांच्या खांद्यावर जाताना
या डोळ्यांनी पाहिलं होतं.
मी तंगडी चोखत विचारलं, कुठल्या गाडीनं गेला?
आई हसली नाही.
तिनं रस्सा वाढला.

मी पट्टी खाली ठेवली. डुक्कर लोंबलं.
सतरंजीवर बसले आणि म्हटलं :
माणसं बकरी पाळतात.
तिला पाला घालतात, पाणी दाखवतात.
ती मोठी झाली की कापतात.
आपल्यातले काहीजण ते मटण खातात.
काहीजण खात नाहीत.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
त्या तक्त्याखाली बोलले
आणि 'देते' आलं नाही.

"तिला कळतं?"
कुणी विचारलं ते दिसलं नाही.
मी शर्विलकडे पाहिलं. मला वाटलं, त्याला ठाऊक असेल.
तो बाहीनं नाक पुसत होता.
"पप्पा पहाटे देवनारला जातात," तो म्हणाला,
"मला नेत नाहीत.
म्हणतात, मोठा झालास की."

म्हणजे त्यालाही
सुतळीपर्यंतच माहीत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.
"घाबरत असेल, असं वाटतं."
ज्ञानदानं शर्विलपासून सतरंजी थोडी सरकवली,
मग खिचडी आली तेव्हा
परत सरकवली,
कारण चमचा त्याच्याकडे होता.

तिच्या आईची तक्रार सोमवारी येईल. येऊ दे.

आज रविवार. रांगेत माझ्यापुढे पाचजण.
गल्ल्याजवळच्या स्टुलावर शर्विल
मी दिलेला कागद रंगवतोय.
वर हुकांना जे टांगलंय
त्याकडे तो पाहत नाही, मी पाहते.

"बोला बाई, काय देऊ?"
त्याचे वडील सुरी पुसत विचारतात
आणि एरवी तोंडपाठ असलेलं
माझ्या तोंडून लवकर निघत नाही.

शर्विल कागद वर धरतो.
बकरी हिरवीगार.
"अशी कशी रे?"
"पाला खाते ना, बाई,"
तो म्हणतो, आणि शिंगंही हिरवी करायला घेतो.